कच्चा आवाज

प्रिय दादा,

हे पत्र लिहायचं टाळण्यासाठी गेल्या आठ दिवसांत मी जेवढी कामं केली, तेवढी आईनं काठी घेऊनसुद्धा माझ्याकडून करून घेतली नसती. खिडकीच्या काचा आतून-बाहेरून पुसल्या. स्टुलाचा एक पाय हलत होता तो ठोकला, आता दुसरा हलतो. सगळ्या शर्टांची बटणं पक्की केली आणि हात बसला म्हणून जिथं काज नाही तिथंही एक बटण लावून टाकलं. काल तर कागद पुढ्यात घेऊन शहाण्यासारखा बसलो आणि तासभर त्यावर बदक काढलं. बदक बरं उतरलंय. शेवटच्या पानाच्या मागे आहे, बघ. नमनालाच घडाभर तेल गेलं, असं तू म्हणणार. म्हण. सरळ रस्ता दिसला की मला त्याच्या उजव्या हाताची गल्लीच आधी दिसते, हे तुला काय नवीन आहे?

पण आज सोमवार आहे आणि गुरुवार तोंडावर आलाय. गुरुवारी तू तुझा घसा डॉक्टरांच्या हवाली करणार, हे वहिनीनं मला फोनवर सांगितलं. उद्या सकाळी इथल्या हॉटेलची गाडी तुमच्याकडे जाणार आहे. तिच्या ड्रायव्हरनं पत्र हातोहात पोचवायचं कबूल केलंय. तेव्हा संध्याकाळच्या आत हे संपायलाच हवं.

मग फोन करायचा होतास, असंही तू म्हणशील. केला होता. दोनदा. दोन्ही वेळा तूच उचललास, ‘हॅलो’ म्हणालास, आणि मी ठेवून दिला. तुझा ‘हॅलो’ ऐकला की मला वाटतं, पलीकडे मीच उभा आहे आणि मीच मला विचारतोय, काय रे, काय काम काढलंस? आई कशी फसायची आठवतं ना? मी फोन उचलायचो, आणि ती मला तू समजून पंधरा मिनिटं झापायची. गिटार, केस, अभ्यास, त्या ड्रम वाजवणाऱ्या मुलीबरोबर फिरणं, सगळं. शेवटी दमून म्हणायची, “बरं, आता धाकट्याला दे.” मी फोन या कानावरून त्या कानाला लावायचो आणि म्हणायचो, “हां आई, बोल.” मग ती प्रेमानं विचारायची, “जेवलास का रे बाळा?” तुझी बोलणी मी खाल्ली आणि माझी माया मला मिळाली. सौदा वाईट नव्हता. आणि ती ड्रम वाजवणारी मुलगी वहिनी झाली, म्हणजे त्यातलीही अर्धी बोलणी फुकट गेली.

मी कुठं आहे ते सांगतो. एका तळ्याच्या काठी लॉन्ड्री आहे, तिच्या वरच्या खोलीत राहतो आणि खाली काम करतो. तळ्याभोवती सगळी हॉटेलं. त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल आमच्याकडे येतात. खाली चार मोठी यंत्रं आहेत, ती फिरायला लागली की माझ्या खोलीची जमीन थरथरते. तसं जोरात नाही. झोपलेल्या मांजरावर हात ठेवल्यावर कसं लागतं, तसं. दुपारी मी अनवाणी उभा राहतो आणि तळपायांनी ऐकतो. यंत्राचा एक सूर आहे, तो माझ्या बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेच्या किंचित खाली लागतो. तार कितीही सैल केली तरी जुळत नाही. खिडकीतून वाफ वर येते, साबणाच्या वासाची, आणि त्या वाफेतून तळं दिसतं न दिसतं. कधी कधी वाटतं, तळं खरं नसेलच. कुणीतरी चादर वाळत घातली असेल.

लॉन्ड्री ज्यांची आहे त्या मावशी. कुणाच्या मावशी ते माहीत नाही, सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणतो. बाई खमकी आहे. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, “तू इथं टिकणार नाहीस. तुझे पाय बघूनच कळतं. पण टिकशील तोवर नीट घडी घाल.” मोठी चादर एकट्यानं घडी करता येत नाही. दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. ताणायची, झटकायची, मग दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं, टोकांना टोकं लावायची, पुन्हा मागे जायचं. दिवसभर आम्ही असे जवळ येतो आणि लांब जातो. एका दिवसात शंभरदा कुणाच्या इतकं जवळ जाऊन परत फिरायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हे मला बरं जमतं. सरावच आहे म्हण.

मधली दोन वर्षं काय केलं ते विचारू नकोस, म्हणजे सांगतोच. कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावली. दुसऱ्या एका तळ्यातल्या पायडलच्या होड्या रंगवल्या, त्या हंसाच्या आकाराच्या असतात, चोवीस हंसांना अठ्ठेचाळीस डोळे मी काढले आणि शेवटचा एक तिरळा झाला. तो हंस आता नेहमी डावीकडे वळतो, असं तिथले लोक म्हणतात. पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडली. आणि जिथं जाईन तिथं आपला अल्बम माझ्या आधी पोचलेला. न्हाव्याच्या दुकानात, लिफ्टमध्ये, पेट्रोल पंपावर. कव्हरवरचा तो कँटीनचा फोटो, टेबलांवर पाय वर करून ठेवलेल्या खुर्च्या, मोठ्या अक्षरांत ‘उलट्या खुर्च्या’, दुकानांच्या काचांमागून माझ्याकडे बघत असायचा. पोहण्याच्या तलावावर तर कर्णाच लावला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी पाण्यात उतरायचो. डोकं पाण्याखाली घेतलं की तुझं गाणं विरघळून जायचं, माझा बेस जायचा, फक्त ड्रम ऐकू यायचे. वहिनीच तेवढी बुडून माझ्यापर्यंत पोचायची. मी श्वास संपेपर्यंत खाली राहायचो.

लोक म्हणतात असा अल्बम दहा वर्षांत एखादाच निघतो. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं, की रविवारी बंद असलेल्या कँटीनमध्ये खुर्च्या उलट्या ठेवलेल्या टेबलांमध्ये उभं राहून आपण तिघं वाजवायचो, आणि पुढच्या उन्हाळ्यात अनोळखी माणसं ती गाणी दात घासताना म्हणायला लागली. अल्बमसाठी मिळालेली ती सोनेरी फ्रेम आईनं विजेच्या मीटरच्या पेटीसमोर टांगलीय, बघितलीस का? म्हणाली, “पेटी वाईट दिसायची, आता झाकली गेली.” आपल्या घरात कौतुक हे असंच.

वहिनीला इथला नंबर मिळाला तो माझ्याच शहाणपणानं. तुझा निळा शर्ट माझ्याकडे राहिला होता. तो धुऊन, इस्त्री करून, लॉन्ड्रीच्या कागदात बांधून पाठवला. चिठ्ठी घातली नाही, पत्ता लिहिला नाही, आपण फार गूढ माणूस आहोत असं वाटलं. कागदावर लॉन्ड्रीचं नाव, पत्ता, नंबर सगळं छापलेलं असतं, हे लक्षातच आलं नाही. आठ दिवसांपूर्वी मावशींनी हाक मारली, “तुझी वहिनी म्हणून कुणी बोलतेय. तुला घरदार आहे होय?”

वहिनी नेहमीसारखीच बोलली, नेमकं, ठोक्यावर. म्हणाली, तुझ्या स्वरतंतूवर मोहरीएवढी गाठ आहे. डॉक्टर म्हणतात ती तिथं राहिली तरी बिघडत नाही, आणि काढली तर आवाज कसा होईल त्याची खात्री देता येत नाही. पण तुझा हट्ट आहे, काढाच. “तो म्हणतो, मला अल्बमवरचा आवाज परत हवाय. त्या दोन ओळींचा. म्हणतो, तो आवाज माझ्यातून कुठं गेला?” वहिनी ठोका चुकत नाही हे तुला माहीत आहे, त्या वेळी चुकली. म्हणाली, “तू एकदा बोल त्याच्याशी. तू का गेलास ते मी विचारत नाही.” मी हो म्हणालो आणि वर येऊन खिडकी पुसायला घेतली.

आता गल्लीबोळ पुरे झाले. स्टुडिओकडे येतो.

तो स्टुडिओ आठवतो ना, जिन्याखाली, भिंतींना तपकिरी फोम आणि मधोमध तो जुनाट गालिचा, ज्यावर कुणीतरी कधीतरी कॉफी सांडून खंडाच्या आकाराचा डाग पाडला होता. आणि रेकॉर्डिंग करणारे आपले कानसेन. आपण दिलेलं नाव त्यांना आवडलं होतं, पण तसं कबूल करायचे नाहीत. त्यांची ती पद्धत: मिक्सरच्या प्रत्येक बटणाखाली कागदी पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर पेन्सिलनं लिहायचं. ड्रम, बेस, गिटार. गाण्याच्या आवाजाच्या दोन पट्ट्या. एकीवर ‘कच्चा’, दुसरीवर ‘पक्का’. कच्चा म्हणजे नुसता वाट दाखवायला. वाजवणाऱ्यांना कळावं कडवं कुठं सुरू होतं, कुठं संपतं, म्हणून कुणीतरी कसंबसं गाऊन ठेवायचं. मग खरा गायक गातो आणि कच्चा पुसला जातो.

पहिले चार दिवस तू तापानं पडला होतास, त्यामुळे सगळ्या गाण्यांचा कच्चा आवाज मी दिला. हे तुलाही माहीत आहे. तुला माहीत नाही ती गोष्ट अशी, की त्या शेवटच्या गाण्याच्या वेळी मी उभा नव्हतो. दुपार होती, जेवून सुस्ती आली होती, मी गालिच्यावर आडवा झालो होतो, डोक्याखाली वहिनीच्या ड्रमची गवसणी. कानसेन म्हणाले, “ऊठ.” मी म्हटलं, “कच्चाच तर आहे, माइक खाली घ्या.” त्यांनी शिव्या घालत माइक माझ्या तोंडावर लोंबता सोडला. माझ्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. डोळे मिटले आणि गायलो. एकदाच.

मग तू बरा होऊन आलास. बाकीची गाणी तू कशी गायलास! मी काचेच्या अलीकडे उभा राहून ऐकायचो आणि मला लहानपणीसारखं वाटायचं, की हा माझा भाऊ आहे हे आजूबाजूच्यांना सांगावं. आळीत मला ‘शेपूट’ म्हणायचे ते काही उगीच नाही. पण त्या गाण्यातल्या शेवटच्या दोन ओळी तुला लागेनात.

तू बोलतोस तिथवर खोली आहे,
पुढे नुसती हवा.

तूच लिहिलेल्या. चाल तुझी. किती वेळा गायलास, कानसेनांनी मोजलं होतं, त्रेचाळीस. मुठी आवळून, मान ताणून, एकदा दिवे घालवून, एकदा भिंतीकडे तोंड करून. चुकत काहीच नव्हतं रे. सूर पक्का, शब्द पक्के. पण ऐकताना असं वाटायचं, की कुणीतरी फार चांगला माणूस दुसऱ्याच्या घराचं कुलूप उघडायचा प्रयत्न करतोय. त्रेचाळीसाव्यांदा तू हेडफोन काढून ठेवलास, म्हणालास, “त्यातलं बरं असेल ते घ्या,” आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलास.

दोन दिवसांनी कानसेनांनी मला एकट्याला बोलावलं. गाणं लावलं. तू गात होतास, कडवं सरलं, आणि त्या दोन ओळी आल्या. मला वाटलं, लागल्या एकदाच्या! मग ‘हवा’च्या ‘ह’च्या आधी सफरचंदाचा अगदी बारीक आवाज आला, गिळल्याचा. तो तुम्हा कुणालाच ऐकू येणार नाही. मला आला, कारण तो घास माझा होता. कानसेन खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते. म्हणाले, “त्या दोन ओळी कच्च्यातल्या लावल्यात. जोड कुठं आहे ते मलाच आता सापडत नाही. तुमच्या आईलाही कळायचं नाही. बोल, ठेवू की काढू? तुम्ही भाऊभाऊ, तुमचं तुम्ही ठरवा.”

मी म्हटलं, आधी दादाला ऐकू दे. खरंच, दादा, मी तुला सांगणार होतो. शपथ घेत नाही, माझ्या शपथांचा भाव तुला माहीत आहे. पण सांगणार होतो. तू आलास, डोळे मिटून ऐकलंस, त्या ओळी आल्या आणि तुझा चेहरा... काय सांगू. तू डोळे न उघडताच म्हणालास, “हे मी कधी गायलो?” कानसेनांनी माझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, “म्हणजे त्रेचाळीसांत एकदा तरी खरं आलं होतं.” आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबा गेले तेव्हाही तू आमच्यासमोर रडला नव्हतास. गेली कित्येक वर्षं तू स्वतःवर कधी खूश झालेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी झालास. मी तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, “भारी आहे.” बस. एवढंच. कानसेनांनी पेन्सिल उचलली आणि ‘कच्चा’ची पट्टी खरवडून काढली.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या जागेवरून दिसलेलं माहीत नाही. स्टेजवर मी तुझ्या डाव्या हाताला. सबंध कार्यक्रमात लोक त्याच गाण्याची वाट बघायचे आणि त्या गाण्यात त्याच दोन ओळींची. सुरुवातीला तू त्या गायचास. मग एकदा, ओळ जवळ आल्यावर, तू माइक उचलून लोकांपुढे धरलास. हजारो माणसं गायली. वर्तमानपत्रात आलं, किती दिलदार गायक, आपली सर्वांत लाडकी ओळ रसिकांना देऊन टाकतो. मग तू प्रत्येक वेळी तेच करायला लागलास. सगळे टाळ्या वाजवायचे. मी खाली मान घालून तारा बघायचो. माइक पुढे करताना तू तोंड बाजूला वळवायचास, ते माझ्या जागेवरूनच दिसायचं.

आणि कपडे बदलायच्या खोलीत तू कानाला हेडफोन लावून बसायचास. त्याच दोन ओळी, मागे नेऊन, पुन्हा, मागे नेऊन, पुन्हा. ओठ हलायचे. माणूस स्वतःची नक्कल शिकतोय असं वहिनीला वाटायचं, ती हसायचीसुद्धा. तू माझी नक्कल शिकत होतास, दादा. आणि हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. तिसऱ्या की चौथ्या गावी मी म्हटलं, मला कंटाळा आला, मी जातो. तुला राग आला. “यश पचत नाही तुला,” म्हणालास. मी म्हटलं, नसेल पचत. बॅग भरताना चुकून तुझा शर्ट आला. तू आडवा आला असतास तर सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. खोटं आहे. नसतं सांगितलं.

मागच्या आठवड्यात खाली आम्ही चादरी घडी करत होतो आणि रेडिओवर तेच गाणं लागलं. मावशी ताणून धरलेल्या चादरीच्या पलीकडून ऐकत होत्या. त्यांना मी कोण ते ठाऊक नाही. गाणं संपायला आलं तशा थांबल्या आणि म्हणाल्या, “एवढा वेळ बरा गात होता मेला, आता शेवटी तुझी नक्कल का करतोय?” माझ्या हातून टोकं सुटली. सबंध चादर ओल्या फरशीवर. “धू आता परत,” म्हणाल्या. आई फसली, समीक्षक फसले, तू फसलास, आणि रोज माझी कामातली गुणगुण ऐकणाऱ्या बाईनं टाचणीनं टिपावं तसं टिपलं.

ती चादर पुन्हा धुताना, यंत्राच्या गोल काचेतून ती फिरताना बघत असताना, मला एकदम गोवराची आठवण आली. इतकी वर्षं मी ते गाणं वाजवलं, आणि ते कशावर आहे ते माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही! मला गोवर निघाला होता. मी पाच वर्षांचा, तू दहाचा. डोळ्यांना उजेड नको म्हणून आईनं खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या, आणि तुला लागेल म्हणून खोलीत यायची बंदी. भर दुपारी काळोख. मला भिंती दिसायच्या नाहीत. वाटायचं, आता खोली आहे की गेली? मग तू दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसून बोलायला लागायचास. थापा नुसत्या. “इकडे जिन्यात एक घोडा आलाय. वर जाऊ का विचारतोय. मी त्याला म्हटलं, पाय पूस आधी.” तू बोलायला लागलास की भिंती परत यायच्या. तुझा आवाज जिथवर पोचायचा तिथवर खोली असायची. तू पाणी प्यायला उठलास की पुढे नुसती हवा. हे मी तुला बरा झाल्यावर सांगितलं असणार, आणि तू ते पंधरा वर्षं सांभाळून ठेवलंस, आणि गाण्यात घातलंस, आणि मला काही न बोलता माझ्या हातात बेस दिलास.

म्हणून हे पत्र. दादा, ती ओळ तुला लागत नाही, कारण ती तुझी नाहीच. ती काळोखात आडव्या पडलेल्याची आहे. तू आत कधी नव्हतास. तू दाराबाहेर होतास, आणि आत काय दिसतं ते तुला कसं माहीत असणार? मी गालिच्यावर पडून डोळे मिटून गायलो, ती कला नव्हती रे, नुसती आठवण होती, आणि मलाही ती कळली नव्हती. तुझ्यातून कुठलाही आवाज गेलेला नाही. जो तुझ्याकडे कधी नव्हताच तो कापून परत येणार नाही. त्या गाठीला राहू दे बिचारीला, काही खात नाही, पीत नाही. राग काढायचा तर माझ्यावर काढ, आईनं तुझ्यावरचा काढला तसा, मला सवय आहे. लोकांना सांगायचं असेल तर सांग, मी शेजारी उभा राहीन. फक्त गुरुवारी जाऊ नकोस. आणि जमलं तर ती ओळ एकदा दाराबाहेर बसून गाऊन बघ, आतला पोरगा घाबरला असेल अशी. तशी ती कुणीच अजून ऐकलेली नाही. मीसुद्धा

थांब. मावशी खालून, वाळत घातलेल्या चादरींच्या आडून ओरडतायत. यंत्रं बंद केलीत, म्हणून मला ऐकू आलं. “अरे, तू खाली कधी उतरलास? आणि स्वतःच्या खोलीचा जिना मला काय विचारतोस?” मी वरूनच ओ दिली. मग त्यांचा आवाज, कधी नव्हे तो घाबरलेला, “तू वर आहेस? मग हा माझ्याशी बोलतोय तो कोण?”

या जगात हा आवाज असलेला दुसरा माणूस एकच आहे. लॉन्ड्रीचा कागद वहिनीनं जपून ठेवलेला दिसतो. पावलं जिन्यावर आली. आता दाराबाहेर थांबली. दार ठोठावत नाहीयेस तू. श्वास घेतोयस. आणि आत्ता, हे लिहीत असताना, दारापलीकडून म्हणालास, “इकडे जिन्यात एक घोडा आलाय.”

दादा, तुला बघितल्यावर माझ्या तोंडून पुन्हा ‘भारी आहे’च निघेल, मला माझा भरवसा नाही. म्हणून दार उघडीन, हे कागद तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत खिडकीकडे तोंड करून उभा राहीन. काच स्वच्छ आहे, तळं चांगलं दिसतं. स्टुलावर बसू नकोस, पाय हलतो. आणि शेवटचं पान उलटून बदक आधी बघ.

तुझंच,
शेपूट